दहावा आठवडा

फोन उचलला की आधी विचारता,
"माझ्या मासळीचं काय?"
मी सांगते तारीख, पाण्याचं तापमान,
तुमच्याबद्दल विचारायचं तेवढं राहून जातं.

आज नीट सांगते, बाबा.
हा लॅम्प्रे. तुम्ही आयुष्यभर भाजून विकलात तोच.
जबडा नाही, खवले नाहीत, हाड नावालाही नाही,
मानेशी दोन्ही कडांना सात-सात भोकं, पाव्याला असावीत तशी,
आणि तोंडाच्या जागी एक गोल दातेरी हट्ट.
सालात्सावरच्या आपल्या बंधाऱ्यातूनच आलेत हे,
ओयार्सच्या टेम्पोतून, बर्फाच्या पेटीत,
रीगाला, माझ्या हाताखाली.

मीच कापला त्याचा मज्जारज्जू.
बधिर करून, पाचव्या भोकापाशी, एका घावात.
रक्त फारसं नव्हतं.
कात्री ट्रेमध्ये ठेवताना
ऑक्टोबरातली ती शेवाळलेली फळी आठवली,
खालचे खुंट,
आणि पाण्यातून तुम्ही ओयार्सला ओरडलात ते:
"आधी जाळं धर. मला काही झालं नाही."

पहिल्या आठवड्यात तो तळाशी, सुटलेल्या दोरीसारखा.
डोकं जिवंत, शेपूट परकं.
चौथ्यात डोकं झटकायचा,
मागचं अंग फरफटत यायचं,
दाराशी हटून बसलेलं पोर ओढावं तसं.
सातव्यात उताणा.
मी त्या टाकीवर पट्टी चिकटवली
आणि तिच्यावर काहीच लिहिलं नाही.

दहाव्यात, गुरुवारी, सव्वाचारला,
कल्ल्यांपासून निघालेली एक लाट
जखमेपर्यंत आली,
थबकली (थबकली असं मला वाटलं)
आणि पलीकडे गेली.
मी कुणालाच हाक मारली नाही.
हातात ओला पोछा होता, तो पिळत उभी राहिले.

नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.
नंतर म्हणजे त्याला मारल्यावर. हे तुमच्यापासून लपवत नाही.
निम्मे तंतूही पोचले नव्हते.
काही वाटेतून माघारी वळलेले,
काही भलत्याच फटीतून बाहेर पडून संपलेले.
काही पेशी दरवेळी परततात, काही कधीच नाही,
त्यांची नावं आम्हाला पाठ आहेत,
वादळात गेलेल्या होड्यांची गावाला असतात तशी.
पोचले तेही जुन्या पत्त्यावर नव्हेत,
थोडं अलीकडेच, दिसेल त्या दारावर
थाप मारून राहिलेले.
एवढ्या भांडवलावर पोहत होता तो.
देखणं नाही. पण प्रवाहाच्या विरुद्ध.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.
बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा. मग म्हणालात,
"त्याला पाय कुठे आहेत, व्हिज्मा.
आठवायचं ओझंच कमी."

शनिवारी घरी आले. अंगणात आल्डरच्या लाकडाचा धूर,
शेजारी कुणीतरी भाजत होतं.
तुम्ही चाकाच्या खुर्चीत, मांडीवर पिंजऱ्याचं जाळं,
गाठ दातांनी आवळत.
आणि घोंगडीखाली डावा पाय हलला.
एकदाच. वरून हुकूम नसताना.

डॉक्टर याला झटका म्हणतात, अर्थ काढू नका म्हणतात.
मीही माझ्या वहीत असंच लिहिते: अनैच्छिक.
तरी आपण दोघं त्या घोंगडीकडे बघत राहिलो,
पाण्यात गेलेली दोरी जरा ताणली की
बघतो तसं,
मासा असेल, नाहीतर नुसती नदी.

दातांतली गाठ न सोडता
तुम्ही पुटपुटलात, मला की पायाला:
"श्श. हलू नकोस."